ऐकलेलंच परत बोलणारं लेकरू: स्वमग्न मुलांच्या बोलण्यात अर्थ असतो, तो असा ओळखा

"पाणी पाहिजे का?" असं विचारलं की चार वर्षांचं पोरगंही तेच म्हणतं, "पाणी पाहिजे का?" नाव विचारलं तर "नाव काय तुझं?" असंच परत ऐकू येतं. मोबाईलवरची जाहिरात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. अशी मुलं आता बऱ्याच गावांत दिसतात. घरातले म्हणतात आगाऊ आहे, मुद्दाम चिडवतंय. शेजारी म्हणतात डोक्यात काहीतरी कमी आहे. म्हातारी माणसं म्हणतात, याचा बाप पण उशिराच बोलला होता, थांबा जरा. या सगळ्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात, आणि लहान मुलाच्या वाढीत तीच वर्षं सगळ्यात मोलाची असतात.

असं बोलणं हे स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, लक्षण असू शकतं. या मुलांचं बोलणं विचित्र वाटलं तरी बहुतेक वेळा त्यात काहीतरी मागणं, सांगणं किंवा भीती दडलेली असते. ती ओळखायची कशी, घरी काय करायचं आणि तपासणी कुठं करायची, याची ही माहिती.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता हा साथीचा रोग नाही आणि वेडही नाही. मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी असते. त्यामुळं माणसांशी संवाद साधणं अवघड जातं, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटतात, आवाज, उजेड, कपड्यांचा स्पर्श यांचा त्रास इतरांपेक्षा जास्त किंवा कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण शंभर ते सव्वाशे जणांमागे एकाला स्वमग्नता असते. मुलींपेक्षा मुलांमध्ये तिचं निदान जास्त होतं. प्रत्येक मूल वेगळं असतं. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी भडाभडा बोलतं पण समोरच्याशी बोलत नाही.

हा आजार म्हणून पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले डॉक्टर लिओ कॅनर यांनी, १९४३ साली. त्यांनी ११ मुलांची हकीकत लिहिली. त्यातली ८ मुलं बोलत होती, ३ बोलत नव्हती. बोलणारी मुलं कशी बोलतात हे कॅनर यांनी इतकं बारकाईनं टिपलं की ऐंशी वर्षांनंतरही ते वाचताना आपल्याच गावातलं मूल डोळ्यासमोर यावं.

बोलण्यातल्या खुणा

१) विचारलेलं लगेच परत म्हणणं

याला प्रतिध्वनी बोलणं म्हणता येईल. डोंगरात हाक मारल्यावर जशी परत येते तसं. "भाकरी खायची का?" विचारलं की "भाकरी खायची का?" असं म्हणून मूल हात पुढं करतं. म्हणजे त्याचं उत्तर "हो" असतं. "हो" हा शब्द वापरायला त्याला अजून जमत नाही, म्हणून आख्खा प्रश्नच परत येतो.

पूर्वी याला निरर्थक बडबड समजत आणि ती बंद पाडायचा प्रयत्न करत. १९८१ साली अमेरिकेतले बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन या अभ्यासकांनी चार स्वमग्न मुलांची अशी हजारावर वाक्यं तपासली. मूल काय बघत होतं, हात कुठं होता, आवाज कसा होता हेही पाहिलं. तेव्हा कळलं की एकाच प्रकारच्या बोलण्याचे सात वेगवेगळे उपयोग आहेत. कधी मूल "हो" म्हणतं, कधी मागणी करतं, कधी बोलण्यात आपली पाळी पूर्ण करतं, कधी स्वतःलाच समजावतं.

२) जुनं वाक्य भलत्याच वेळी

कॅनर यांच्याकडं पॉल नावाचा पाच वर्षांचा मुलगा आला होता. तो मधेच म्हणायचा, "कुत्र्याला गॅलरीतून फेकू नकोस." तिथं ना कुत्रा, ना गॅलरी. आईला विचारल्यावर उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा गॅलरीतून खाली टाकत होता, आणि आणून आणून कंटाळलेली आई त्याला तसं म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकायची इच्छा झाली की पॉल ते वाक्य म्हणून स्वतःला आवरायचा. ऐकणाऱ्याला वाटलं येडपटासारखं बोलतोय. प्रत्यक्षात ते पोरगं शहाण्यासारखं वागत होतं.

आपल्याकडंही असं होतं. समजा, एका रात्री डीपी जळाला, घरात अंधार झाला, मूल घाबरलं आणि कुणीतरी म्हणालं, "डीपी गेला वाटतं." पुढं सहा महिन्यांनी दवाखान्यात सुई बघून तेच मूल म्हणेल, "डीपी गेला वाटतं." त्याला सांगायचंय, मला भीती वाटते. पडल्यावर आजी "लागलं का रे?" म्हणाली असेल, तर पोट दुखत असतानाही ते "लागलं का रे?" असंच म्हणेल.

अशा वाक्याचं मूळ घरच्यांनाच माहीत असतं. डॉक्टर ते शोधू शकत नाहीत.

३) 'मी'च्या जागी 'तू'

मुलाला कडेवर यायचं असतं आणि ते म्हणतं, "तुला घेऊ?" कारण कडेवर घेताना आई हेच म्हणते. वाक्य जसं ऐकलं तसंच साठवलं, त्यातला "तू" बदलून "मी" करायचा हे कळलेलं नाही.

मराठीत याची आणखी एक खूण दिसू शकते. आपल्या भाषेत क्रियापदावरून बाई बोलते की पुरुष ते कळतं. मुलगा आईचं वाक्य जसंच्या तसं उचलतो तेव्हा "मी येते", "मी देते" असं बोलतो. लोक हसतात, पोरीसारखा बोलतो म्हणतात. हसण्यासारखं काही नाही, ते आईचं वाक्य आहे एवढंच. काही भागांत बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात, तिथं ही खूण उपयोगी पडणार नाही.

४) शब्दाला स्वतःचाच अर्थ

कॅनर यांच्या यादीत पहिला मुलगा होता डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं, "हो म्हणालास तर खांद्यावर घेईन." झालं, त्यानंतर डोनाल्डच्या दृष्टीनं "हो" या शब्दाचा अर्थ "मला खांद्यावर घ्या" एवढाच झाला. रंगाच्या बाटल्यांना त्यानं माणसांची नावं दिली होती. दोन मुलींची नावं घेऊन तो म्हणायचा, या दोघी मिळून जांभळा होतो. निळा आणि लाल रंग मिसळल्यावर जांभळा होतो, बरोबरच होतं त्याचं. फक्त कुठली बाटली कोण, हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं.

५) घरात कुणी बोलत नाही ती भाषा

काही मुलं घरात सगळे मराठी बोलत असताना कार्टूनमधली हिंदी किंवा इंग्रजी बोलतात. रंग, आकडे, प्राण्यांची नावं सगळी इंग्रजीत. घरच्यांना कौतुक वाटतं, पोरगं हुशार आहे. हुशार असेलही. पण तेच मूल "आई, भूक लागली" असं म्हणत नसेल तर लक्ष द्यायला हवं.

ट्युनिशिया या अरब देशातल्या स्वमग्न मुलांवर असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथं घरात बोली अरबी चालते, टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये प्रमाण अरबी. या मुलांच्या तोंडात घरच्या बोलीपेक्षा टीव्हीची अरबी जास्त आढळली. मूल माणसांकडून शिकण्याऐवजी पडद्याकडून शिकू शकतं, असा त्याचा अर्थ.

म्हणून मुलाशी मराठी सोडून इंग्रजीत बोलायची गरज नाही. दोन भाषा कानावर पडल्यानं स्वमग्नता वाढते याला आधार नाही. आई, आजी ज्या बोलीत मनापासून बोलतात तीच भाषा त्याच्याशी बोलावी.

६) सूर वेगळा

आवाजात चढउतार नसतो, एकसुरी बोलणं असतं. किंवा उलट, गाणं म्हटल्यासारखं. काही मुलं फार मोठ्यानं बोलतात. काहींचं बोलणं पुस्तकी वाटतं.

७) शब्दाचा सरळ अर्थ

"डोकं खाऊ नको" म्हटलं की मूल गोंधळतं, कारण ते डोकं खात नसतं. "पोटात कावळे ओरडतायत" म्हटलं की घाबरतं. थट्टा, टोमणा, उपरोध कळत नाही. "जा आता, कर अजून मस्ती" असं रागानं म्हटलं तर ते खरंच जाऊन मस्ती करतं आणि मार खातं. यात त्याची चूक नसते.

८) बोट न दाखवणं

ही खूण बोलण्याच्याही आधी दिसते. साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ विमान, चिमणी, ट्रॅक्टर बघून बोट दाखवतं आणि मग आईच्या तोंडाकडं बघतं. "तू पण बघ" असं त्याला म्हणायचं असतं. स्वमग्न मूल बऱ्याचदा असं करत नाही. डबा हवा असेल तर आईचं मनगट धरून ओढत नेतं आणि तिचा हात डब्यावर ठेवतं. हात म्हणजे जणू अवजार. हाक मारली तर वळून बघत नाही, पण दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येतं.

असं का होतं

बहुतेक मुलं एकेक शब्द शिकतात, मग दोन जोडतात, मग वाक्य करतात. बऱ्याच स्वमग्न मुलांचं उलटं असतं. ती आख्खं वाक्य एका गठ्ठ्यात उचलतात, त्यातल्या सुरासकट आणि त्या वेळच्या प्रसंगासकट. ऊस मोळीनं उचलावा तसं. मोळी सोडून त्यातलं एकेक कांडं वेगळं करायचं त्यांना सावकाश जमतं, आणि त्याला मोठ्यांची मदत लागते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहानपणी थोडं ऐकलेलं परत म्हणणं, "मी-तू" चुकणं हे सगळ्याच मुलांत होतं. अडीच-तीन वर्षांपर्यंत ते कमी होत जातं. एकट्या एका खुणेवरून घाबरून जाऊ नये. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, किंवा तीन वर्षांनंतरही मूल असंच बोलत राहिलं, तर तपासणी करावी.

किती वयाला काय बघायचं

- १२ महिने: बा-बा, दा-दा अशी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा करणं नाही
- १६ महिने: एकही शब्द नाही
- २४ महिने: स्वतःहून दोन शब्द जोडत नाही ("आई ये", "दूध दे"). ऐकून परत म्हटलेलं यात धरू नये
- कुठल्याही वयात: बोलत होतं ते बंद झालं, असलेले शब्द गेले

यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. काही मुलं दीड वर्षापर्यंत "आई, बाबा, जेजे" बोलतात आणि मग गप्प होतात. असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

आधी कान तपासा

बोलत नाही किंवा हाकेला ओ देत नाही अशा प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानाची. घरात ताट वाजवून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. बेरा आणि ओएई नावाच्या तपासण्या असतात. दुखत नाहीत, बेरा तर मूल झोपलेलं असताना करतात. ऐकू कमी येत असेल तर उपाय वेगळा असतो, आणि तो लवकर झाला तर मूल बोलायला लागतं. काही मुलांना ऐकू कमी येणं आणि स्वमग्नता दोन्ही असू शकतं.

घरी काय करायचं

वही घाला. शंभर पानी वही पुरे. मुलानं म्हटलेलं विचित्र वाक्य, त्या वेळी काय चालू होतं, आणि नंतर त्याला काय हवं होतं असं कळलं, हे तीन रकान्यांत लिहावं. उदाहरणार्थ:

- "मोटर चालू कर" / आंघोळीची वेळ / पाण्यात खेळायचं होतं
- "लागलं का रे?" / जेवताना रडत होता / दाढ दुखत होती
- "तुला घेऊ?" / कुत्रं भुंकलं / कडेवर यायचं होतं

महिनाभरात घरच्यांना त्याची भाषा कळायला लागते. हीच वही डॉक्टरांना दाखवली तर फार कामाला येते, कारण दहा मिनिटांच्या तपासणीत मूल तोंडही उघडत नाही.

अर्थाला उत्तर द्या. "असं नाही बोलायचं" म्हणून थांबवू नका. "डीपी गेला वाटतं" म्हणालं तर जवळ घ्या आणि म्हणा, "मला भीती वाटते." त्याच्या तोंडी जे वाक्य यायला हवं तेच आपण म्हणायचं. पाण्याकडं हात केला की "तुला पाणी पाहिजे का?" विचारण्याऐवजी "मला पाणी पाहिजे" म्हणा आणि लगेच पाणी द्या. मूल ऐकलेलं जसंच्या तसं उचलतं ना, मग उचलण्याजोगं वाक्यच द्यावं.

प्रश्न कमी करा. "हे काय? ते काय? रंग कोणता?" अशी परीक्षा दिवसभर घेतली तर मूल आणखी गप्प होतं. त्यापेक्षा जे चाललंय ते छोट्या वाक्यात सांगत राहा. "शेळी आली. शेळी पाला खाते. पाला संपला." धार काढताना, डेअरीला दूध घालताना, चूल पेटवताना रोज तीच वाक्यं म्हणावीत.

थांबा. एकदा बोलल्यावर मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण घाईनं दुसरं वाक्य बोललो की त्याचं पहिलं उत्तर राहून जातं.

दोन वस्तू हातात धरून विचारा. "केळं की बिस्किट?" असं नुसतं विचारलं तर ते शेवटचा शब्द परत म्हणतं, "बिस्किट". मग बिस्किट दिलं की रडतं, कारण हवं असतं केळं. म्हणून दोन्ही वस्तू समोर धरा, ज्याकडं हात जाईल ती द्या आणि तिचं नाव घ्या.

अडवणूक नको. "बोल, मगच पाणी मिळेल" असं करू नये. तहान लागलेल्या मुलाला शिकता येत नाही.

घरात सगळ्यांची एकच पद्धत ठेवा. आई एक म्हणते, आजोबा दुसरं, काका मारतो, असं झालं तर मूल गोंधळतं.

मोबाईल. मोबाईलमुळं स्वमग्नता होते असं सिद्ध झालेलं नाही. पण मूल पाच तास मोबाईलवर असेल तर तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं. तो वेळ कमी करावा आणि त्या जागी माणूस द्यावा.

दुखणं ओळखा. नेहमी शांत असणारं मूल अचानक डोकं आपटायला, चावायला लागलं तर आधी कान, दात, पोट आणि शौचाचा त्रास तपासा. त्याला सांगता येत नसतं.

पाण्याची काळजी. ही मुलं न सांगता बाहेर पडतात आणि बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते. हाक मारली तर ओ देत नाहीत, नाव-गाव सांगता येत नाही. बुडणं हा या मुलांच्या जिवाला असलेला मोठा धोका आहे. उघडी विहीर, कालवा आणि शेततळं ही आपल्याकडची धोक्याची ठिकाणं. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुंपण घाला, दाराला वर कडी लावा, गळ्यात किंवा कपड्यावर फोन नंबर असू द्या, आणि शेजारच्या वस्त्यांना मुलाबद्दल सांगून ठेवा. लपवण्यात अर्थ नाही.

बोलतच नसेल तर

साधारण चार स्वमग्न मुलांमागे एक मूल मोठं झालं तरी फार थोडं बोलतं. पण बोलता येत नाही म्हणजे सांगायचं काही नाही असं नसतं. अशा मुलांना चित्रं देता येतात. पाण्याचा तांब्या, ताट, चप्पल, संडास, आजी, गोठा यांचे फोटो काढून छापावेत, पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला त्याच्या उंचीवर लावावेत. मूल फोटो काढून हातात देतं आणि आपण ती वस्तू देतो. अमेरिकेत १९८५ पासून ही पद्धत वापरात आहे. मोबाईलवरही सोय आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मराठीतही चालतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो.

चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती बरेच पालक बोलून दाखवतात. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं.

यावर पैसे आणि वेळ घालवू नका

- जिभेखालचा पडदा कापणं. जीभ अडकली असेल तर काही अक्षरं नीट येत नाहीत, पण त्यामुळं मूल हाकेला ओ द्यायचं किंवा बोट दाखवायचं थांबत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय कापू नये.
- मध-वेखंड चाटवणं. स्वमग्न मूल त्यानं बोलायला लागत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं तर धोक्याचं आहे.
- अंगारा, उतारा, चटके. मुलाला मारणं, चटके देणं, कोंडणं हा गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे.
- लसीमुळं झालं असं म्हणणं. १९९८ साली इंग्लंडमध्ये अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखानं ही अफवा उठवली. तो लेख २०१० साली त्याच मासिकानं मागं घेतला. गोवर-रुबेलाची लस चुकवू नये.
- स्टेम सेल. लाखो रुपये घेऊन स्वमग्नता बरी करतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं स्वमग्नतेवरचा नेहमीचा उपचार म्हणून त्याला मान्यता दिलेली नाही.
- आईला दोष देणं. आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं, असं पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशातले डॉक्टरही म्हणत. ते खोटं ठरलं. सुनेला बोल लावणं बंद करा, तिला जेवायला आणि झोपायला वेळ द्या.

डोनाल्डचं पुढं काय झालं

"हो" म्हणजे "खांद्यावर घ्या" समजणारा डोनाल्ड अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात वाढला. नवव्या वर्षी आईवडिलांनी त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडं राहायला ठेवलं. कॅनर तिथं भेटायला गेले आणि त्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलं. मुलगा सारखी मापं घेत बसायचा, तर त्या शेतकऱ्यानं त्याला विहीर खणायला लावून खोली मोजायला सांगितली. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरताना मोजायला लावल्या. कॅनर यांच्यासमोर त्यानं सहा लांब तासं नांगरली, घोडा व्यवस्थित वळवला. ते जोडपं काही डॉक्टर नव्हतं. मुलाचा नाद मोडण्याऐवजी त्याला त्यांनी कामाला जोडलं.

पुढं डोनाल्ड ट्रिपलेट शाळेत गेला, कॉलेजातून पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, जग फिरला. जून २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. स्वमग्नता शेवटपर्यंत होतीच, आणि आख्खं गाव त्याला ओळखत होतं. सगळ्याच मुलांचं असं होईल असं नाही. घरची परिस्थिती चांगली होती हेही खरं. पण कामाला जोडून घ्यायची ती युक्ती आपल्या शेतावरही चालते.

तपासणी आणि कागदपत्रं कुठं

१. अंगणवाडी आणि आरबीएसके पथक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. उशिरा बोलणं आणि स्वमग्नता त्यांच्या यादीत आहे. पथक येईपर्यंत थांबायचं नसेल तर आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्यावी.

२. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. याला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचार, कान तपासणी, मानसतज्ज्ञ एकाच ठिकाणी मिळावेत म्हणून हे केंद्र असतं. आरबीएसकेतून पाठवलेल्या मुलांची तपासणी मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग वाचा व श्रवण संस्था ही केंद्र सरकारची मोठी संस्था आहे.

३. प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. तपासणी ठरलेल्या सरकारी रुग्णालयात होते. स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्या देशात ४० मुद्द्यांची मोजपट्टी तयार केलेली आहे. ऐकलेलं परत म्हणणं, मी-तू उलटं होणं, आलेलं बोलणं जाणं हे तिच्यात विचारतात. वही इथंही दाखवा.

४. विमा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत यात बसतो.

५. शाळा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. "बोलत नाही, आम्ही घेणार नाही" असं शाळेला म्हणता येत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कुठल्या शाळांना भेट देतात ते विचारावं. गुरुजींना मुलाची चार-पाच वाक्यं आणि त्यांचे अर्थ कागदावर लिहून द्यावेत.

६. आईवडिलांसाठी. झोप लागत नसेल, सहन होत नसेल तर टेलिमानस हा सरकारी मोफत नंबर आहे: १४४१६. मराठीतही बोलता येतं.

निदान व्हायला महिने लागू शकतात. तोवर वही घालायला, प्रश्न कमी करायला आणि दहापर्यंत मोजून थांबायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. ते आज संध्याकाळच्या जेवणापासून चालू करता येतं.